ते भूत नसते, रक्तात साचलेले विष असते

किडनीचा जुना रुग्ण रात्रभर टक्क जागा असतो आणि दिवसा पेंगतो. बोलता बोलता शब्द हरवतो, हिशेब चुकतो, पोराचे नाव विसरतो, विनाकारण चिडतो. हात पुढे ताठ धरायला सांगितले तर पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडतात. घरचे म्हणतात, बाहेरचे काहीतरी आहे. शेजारी म्हणतात, घेतलेली दिसतेय. कंत्राटदार म्हणतो, याच्या डोक्यावर परिणाम झालाय, उद्यापासून याला पाठवू नका. चळवळीतलाच एखादा हळूच सांगतो की आता यांचे काही खरे नाही, यांना बैठकीला बोलावू नका. हे चौघेही चुकतात आणि चौघांच्या चुकीची किंमत एकटा रुग्ण मोजतो.

पनवेलच्या वस्त्यांमध्ये आणि आसपासच्या वाड्यांवर काम करताना हे आम्ही ऐकत आलो आहोत. म्हणून मुळातच सुरुवात करतो.

किडनीचे काम फक्त लघवी तयार करणे एवढेच आपल्याला शाळेत शिकवले. ती रक्तातला कचरा गाळते, पाणी आणि क्षार यांचा तोल राखते, रक्तदाब सांभाळते आणि लाल पेशी तयार करण्याचा संदेशही देते. किडनी निकामी झाली की हे सगळे एकदम बिघडते. युरिया वाढतो, पण एकटा युरिया दोषी नाही. त्याच्यासोबत ग्वानिडिनसारखी इतर अनेक द्रव्ये साचतात आणि मेंदूतल्या पेशी एकमेकींना जे इशारे देतात त्यांचा तोल ढळवतात. रक्त कमी झाल्याने मेंदूला प्राणवायू कमी पडतो. वर्षानुवर्षांचा रक्तदाब आणि साखर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात, लहान लहान झटके येऊन जातात आणि घरात कोणाला कळतही नाही. आधी लक्ष लागेनासे होते, मग विसरणे, मग भलतेच बोलणे, भास होणे. तरीही उपचार नाही मिळाला तर फिट आणि बेशुद्धी. डॉक्टर या अवस्थेला युरेमिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात.

यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट अशी की साचलेल्या विषाने आलेला गोंधळ वेळेवर डायलिसिस मिळाल्यास बहुतेक वेळा उतरतो. रक्तवाहिन्यांचे झालेले नुकसान मात्र परत भरून येत नाही. काही रुग्णांचा विचार करण्याचा वेग कायमचा मंदावतो. पण मंदावलेला मेंदू म्हणजे संपलेला माणूस नव्हे. आणि जो गोंधळ उतरणार होता, त्यावर भगताकडे अंगारा घेण्यात आठ दिवस घालवणे म्हणजे रुग्णाला हाताने मरणाकडे ढकलणे आहे.

आता भगताकडे येऊ. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा आता गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे. पण त्याच कायद्यातले, वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करण्याबद्दलचे कलम वाचा. तिथे नावे आहेत ती कुत्रा, साप आणि विंचू चावल्याची. किडनीच्या रुग्णाला धुरी दिली, मारले, तर कायदा लागतो. नुसता अंगारा देऊन "दवाखान्याची गरज नाही" म्हटले तर त्या कलमात तो रुग्ण सापडत नाही. ही फट भरण्याची मागणी आपण का करत नाही?

आणि बोट फक्त आदिवासी वाडीकडे दाखवू नका. घरात बाबासाहेबांचा फोटो, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा, आणि उशाखाली बाबाने दिलेला ताईत, अशी घरे आपल्याच वस्तीत आहेत. मागच्या जन्मीचे भोग म्हणून आजार सोसणारे आहेत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना आत्मा आणि पूर्वजन्मीचे कर्म यांची जी उलटतपासणी केली ती याच जागी कामाला येते. रक्तातली घाण वाढली की माणसाचा स्वभाव बदलतो, चार तास यंत्राला लावले की तो पुन्हा ओळखीचा बोलू लागतो. मन शरीरावर, शरीर पाण्यावर, मिठावर, औषधावर अवलंबून आहे. यात न बदलणारा आत्मा कुठे बसवणार, आणि बाहेरून शिरलेले भूत कुठे? प्रतीत्यसमुत्पाद समजावून सांगायला याहून जवळचे उदाहरण विहारात मिळणार नाही.

"डायलिसिसवरचा माणूस, त्याचे काय ऐकायचे" असे म्हणणाऱ्यांना एक इतिहास सांगतो. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली आणि जयप्रकाश नारायण यांना अटक झाली. चंदीगडच्या स्थानबद्धतेत त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईला जसलोक रुग्णालयात आणले आणि तिथून पुढचे आयुष्य, ८ ऑक्टोबर १९७९ पर्यंत, ते डायलिसिसवर जगले. या काळात त्यांनी काय केले? विखुरलेले विरोधी पक्ष एका छत्राखाली आणले, १९७७ च्या निवडणुकीत सभा घेतल्या, पंतप्रधान कोण व्हावा या वादात त्यांचा शब्द निर्णायक ठरला. जयप्रकाशांच्या राजकारणाशी आमचे मतभेद आहेत, जनता सरकारने दलितांना काय दिले हा वेगळा लेख होईल. पण दोन्ही किडन्या गेलेल्या माणसाच्या विचारशक्तीवर अख्खा देश भरवसा ठेवत होता, हे खरे.

मग नाक्यावरच्या मजुराच्या विचारशक्तीवर त्याचा मुकादमही भरवसा का ठेवत नाही? फरक किडनीत नाही. जयप्रकाशांना यंत्र मिळाले, नियमित मिळाले. आपल्या माणसाला आठवड्यातून तीनदा हवे असते आणि तो दोनदाच जातो. उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत फुकट बसला तरी प्रवास फुकट नाही. पनवेलजवळच्या केंद्रात नंबर लागला नाही तर हार्बरची पहाटेची लोकल, कुर्ल्याला बदलून परळ, चार तास यंत्रावर, मग परत तसेच. सोबत बायको, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. तिसरी फेरी चुकते ती इथे. फेरी चुकली की विष साचते, विष साचले की तो भलतेच बोलतो, आणि भलतेच बोलला की आपण त्याला वेडा म्हणतो. गरिबी आधी मेंदूत घुसवायची आणि नंतर त्यालाच बुद्धी नाही म्हणायचे, हा खेळ या समाजव्यवस्थेने आपल्याशी हजारो वर्षे खेळला आहे. त्याची ही रुग्णालयातली आवृत्ती आहे.

कायदाही इथे हात आखडता घेतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत. किडनी निकामी होणे नाही. म्हणजे ज्याला आठवड्याचे तीन दिवस यंत्राला द्यावे लागतात, त्याला निव्वळ त्या कारणाने दिव्यांग प्रमाणपत्रही नाही आणि नोकरीतले संरक्षणही नाही.

दुसरीकडे मानसिक आरोग्य कायदा, २०१७ आपल्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. कोणाची सामाजिक किंवा आर्थिक स्थिती पाहून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. आणि एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असे म्हणता येत नाही. किडनीच्या रुग्णाची जमीन, खोली, बँकखाते यांवर भाऊबंद डोळा ठेवून "याला कळत नाही" म्हणू लागतात, तेव्हा हे तत्त्व त्यांच्यासमोर ठेवा. रुग्ण गोंधळलेला असताना अंगठा घेऊ पाहणाऱ्यालाही तेच तत्त्व अडवते. समजले का, परिणाम कळतो का, सांगता येते का, हे त्याला शुद्ध असताना विचारायचे असते.

आता पाण्याबद्दल. एका डायलिसिसला साधारण १२० लिटर पाणी लागते आणि ते पातळ पडद्याच्या पलीकडून रुग्णाच्या रक्ताला भिडते. १९७० च्या दशकात परदेशातल्या केंद्रांमध्ये रुग्णांची वाचा जाऊ लागली, फिट येऊ लागल्या, स्मृती गेली आणि माणसे मेली. शोध घेतल्यावर कारण निघाले पाण्यातले ॲल्युमिनियम. तेव्हापासून शुद्ध केलेल्या पाण्याशिवाय डायलिसिस करायचे नाही हा नियम झाला. पाण्यासाठी महाडला सत्याग्रह केलेली आपली माणसे आहोत. रायगड जिल्ह्यातल्या प्रत्येक डायलिसिस केंद्रात पाण्याच्या तपासणीचा ताजा अहवाल मागायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

औषधांचेही तसेच. अंगदुखीवर मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या उरलीसुरली किडनी संपवतात. बॅक्लोफेन, गॅबापेंटिनसारखी औषधे नेहमीच्या मात्रेत घेतली तर अशा रुग्णाच्या शरीरात साचतात आणि तो झोपेत बुडतो, बरळतो. गोंधळ दिसला की आधी गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे ओता. आणि कमरख, म्हणजे कापल्यावर चांदणीसारखे दिसणारे ते आंबट फळ, किडनीच्या रुग्णाला अजिबात देऊ नका. त्यातले विष निरोगी माणसाची किडनी बाहेर टाकते. रुग्णाची टाकू शकत नाही; न थांबणारी उचकी लागते, मग भ्रम, फिट, कधी मृत्यू.

१४ एप्रिलला डीजेवर जेवढा खर्च होतो त्याच्या तुकड्यात वस्तीतल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर, लघवीतले प्रथिन आणि क्रिएटिनिन तपासून होईल. मधुमेह बाबासाहेबांनाही होता; त्या शरीराने शेवटपर्यंत लिहिले. तपासणीनंतर जे डायलिसिसवर असतील त्यांची यादी विहारात ठेवा. कोण कोणत्या दिवशी जातो, सोबत कोण जाणार, हे ठरवा. एखादी फेरी चुकली तर त्याच संध्याकाळी घरी जाऊन कारण विचारा. आणि अर्ज, सह्या, कर्जाची कागदपत्रे, समितीची बैठक, काहीही असो, डायलिसिस चालू असताना किंवा उठल्या उठल्या त्याच्यापुढे ठेवू नका; तेव्हा डोके जड असते. सोमवारी डायलिसिस असेल तर मंगळवारी सकाळी जा, खुर्ची ओढून बसा आणि त्यालाच विचारा.