स्लाइड चकचकीत, हिशोब गायब

हल्ली कुठल्याही सरकारी बैठकीला जा, प्रोजेक्टर असतोच. नगरपरिषदेचं बजेट असो, पाणीयोजना असो, नाहीतर रस्ता रुंदीकरण. 'पीपीटी' झाली की टाळ्या, चहा, बिस्किटं आणि सभा संपली. बाहेर पडताना कुणालाही विचारा, "काम किती कोटींचं? संपणार कधी?" उत्तर ठरलेलं: "ते काय नीट वाचता आलं नाही, पण चित्रं भारी होती!"

मी प्रेझेंटेशनच्या विरोधात अजिबात नाही. कॅनव्हा, गुगल स्लाइड्स आता मोबाईलवर फुकटात चालतात, शाळेतली पोरंसुद्धा झकास स्लाइड्स करतात. चांगलंच आहे की. पण लोकांच्या पैशाचा हिशोब मांडताना सजावट पुढे आणि माहिती मागे, हे मला खटकतं.

आणि ही फक्त आवडीनिवडीची गोष्ट नाही बरं का. २००३ साली कोलंबिया यान परतताना कोसळलं, कल्पना चावलांसह सात अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा यानाच्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच अभियंत्यांनी त्यावर स्लाइड्स करून वरिष्ठांना दाखवल्या. एका स्लाइडचं ठळक शीर्षक धीर देणारं होतं. खरी गोष्ट खाली बारीक अक्षरांत होती: आदळलेला तुकडा आधीच्या चाचण्यांमधल्या तुकड्यापेक्षा आकारमानाने तब्बल ६४० पट मोठा होता! अपघात एकट्या स्लाइडमुळे झाला असं नाही. पण तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइड्सवर भागवायची सवय चौकशी मंडळाने आपल्या अहवालात स्पष्ट नोंदवली. नासाची ही गत, तर आपल्या पाणीपुरवठ्याच्या बैठकीचं काय घेऊन बसलात!

आता आपल्याकडच्या क्लृप्त्या बघा.

समजा नळजोडण्या ९२ टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेल्या. आलेखाची पट्टी शून्याऐवजी ९० पासून सुरू केली की दुसरा खांब पहिल्याच्या अडीचपट उंच दिसतो. आकडा खोटा नाही, पण डोळा फसतो. शिवाय जोडणी झाली म्हणजे पाणी आलं असं थोडंच आहे?

दुसरी क्लृप्ती म्हणजे संगणकावर बनवलेलं चित्र. हिरवीगार झाडं, रिकामा गुळगुळीत रस्ता, फूटपाथवर गोरी गोरी माणसं. आता तर एआय दोन मिनिटांत असा बगीचा उभा करून देतं. झालेल्या कामाचा फोटो कुठला आणि कल्पनाचित्र कुठलं, हे खाली लिहायची तसदी कोण घेतो?

तिसरी गोष्ट साधीच. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांचा नुसता चिवडा होतो. मग साहेब म्हणतात, "जाऊ द्या, पुढची स्लाइड घ्या." युनिकोड वापरलं की हा प्रश्नच येत नाही.

आता हिवरे बाजार बघा. पोपटराव पवारांच्या या गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, पाणी किती उपलब्ध आहे, माणसांना, जनावरांना आणि शेतीला किती लागणार, हे लोकांपुढे ठेवतात आणि त्यावरून पिकं ठरतात. त्याला फळा पुरतो, प्रोजेक्टर लागतोच असं नाही. समोरच्या माणसाला निर्णय घेता आला, तेच खरं प्रेझेंटेशन.

स्लाइड बनवणारा बहुतेकदा एखादा ग्रामसेवक, ज्युनियर इंजिनिअर किंवा ऑपरेटर असतो. आदल्या रात्री त्याच्या गळ्यात हे काम पडतं, त्याच्यावर माझा राग नाही. मागणी वरच्यांकडे आहे, आणि ती साधी आहे:

१) एका स्लाइडवर एकच मुद्दा, शेवटच्या रांगेतल्या आजीला वाचता येईल एवढ्या मोठ्या मराठी अक्षरांत.

२) रकमेशेजारी मागच्या वर्षीची रक्कम आणि प्रत्यक्ष झालेला खर्च.

३) कल्पनाचित्रावर 'कल्पनाचित्र' असं ठळक लिहिलेलं.

४) फाइल सभेच्या दोन दिवस आधी गावाच्या ग्रुपवर, आणि छापील प्रत नोटीस बोर्डावर. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ मागण्याआधीच माहिती खुली करायला सांगतं, मग फाइल द्यायला संकोच कसला?

५) शेवटच्या स्लाइडवर गुलाबाचं फूल आणि 'धन्यवाद' नको. तिथे कामाची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद लिहा.

यातल्या कशालाही जादा निधी लागत नाही, लागते फक्त इच्छा.

तेव्हा मंडळी, पुढच्या सभेत दिवे मालवून स्लाइड्स भराभर पुढे सरकायला लागल्या की बिनधास्त हात वर करा आणि म्हणा, "साहेब, जरा मागची स्लाइड लावा. त्यातला तो बारीक अक्षरातला आकडा मोठ्याने वाचून दाखवा."

पटलं तर आपल्या गावाच्या ग्रुपवर नक्की टाका.