कोड नसलेला पेशंट

या अंकात इन्सुलिनच्या साठवणुकीवर लिहायचे ठरले होते. ते पुढच्या वेळी. गेल्या काही महिन्यांत निरनिराळ्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांत एकच तक्रार आहे, तिला आधी वाट करून देणे भाग आहे.

मराठवाड्यातल्या एका वाचक-डॉक्टरांनी पाठवलेली केस नमुन्यादाखल घ्या. बाई ४२ वर्षांची, शेतमजूर, मिश्रीची सवय, आई मधुमेहाने गेलेली. वजन ४८ किलो, कंबर ८६ सेंटिमीटर. आशाताईंनी सीबॅक फॉर्म भरला, गुण चारच्या वर गेले. उपकेंद्रात ग्लुकोमीटरवर रँडम १५२ आली म्हणून तिला पुढे पाठवले. फास्टिंग ११६, ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांची १७४. म्हणजे सरळसरळ आयजीटी. तिला काय सांगितले? "तुम्हाला शुगर नाही, घरी जा." डॉक्टरांनी खटपट करून अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठले. त्याने यादी पाहून सांगितले, याला पॅकेजच नाही, कोड काय टाकू?

आरोग्यमित्राचे चुकले नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते, आता पाच लाखांचे आहे, आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अटही गेली. पण आत जायचा दरवाजा तोच राहिला: भरती. हीच बाई दहा-बारा वर्षांनी काळा पडलेला अंगठा घेऊन आली, तर प्रीऑथ मिळेल. डायलिसिसवर गेली तरी मिळेल. आज तिच्या हाती काही द्यायला योजनेत रकाना नाही. आता गंमत पाहा. कुष्ठरोगाने पाय बधिर झाला असेल तर राष्ट्रीय कार्यक्रमातून एमसीआर चपला फुकट मिळतात. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला विमा योजना चप्पल देत नाही, जखम चिघळली की शस्त्रक्रिया देते. पाय तोच, बधिरपणाही तोच, फक्त फाईल वेगळी.

यावर साहेबांचे ठरलेले उत्तर असते की प्रतिबंध हे एनपी-एनसीडी कार्यक्रमाचे काम, विम्याचे नव्हे. मग त्या कार्यक्रमाचे उद्दिष्ट पाहू. रक्तदाब आणि मधुमेहाचे साडेसात कोटी रुग्ण २०२५ अखेर उपचाराखाली आणायचे, असे ते होते. मोजायचे ते रुग्ण. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३च्या अहवालाप्रमाणे देशात मधुमेही १० कोटी १० लाख आणि पूर्वमधुमेही १३ कोटी ६० लाख. म्हणजे मोठा गट कार्यक्रमाच्या उद्दिष्टात नाही आणि विम्याच्या यादीतही नाही. प्रीमियम घेऊन ठरावीक मुदतीचा करार करणाऱ्या कंपनीने आज खर्च करून फायदा दहा वर्षांनी दुसऱ्याच्या पदरात का टाकावा, हा प्रश्न समजू शकतो. पण इथे योजनेचा पैसा सरकारच भरते आणि दहा वर्षांनी डायलिसिसचे बिलही सरकारच भरणार आहे.

पैसे मागायचे तर पुरावा हवा, आणि तो आपल्याच मातीतला आहे. डॉ. रामचंद्रन यांच्या चेन्नईच्या आयडीपीपी-१ अभ्यासात ५३१ आयजीटी व्यक्ती होत्या. तीन वर्षांत नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, आहार-व्यायामाचा पाठपुरावा झालेल्यांत ३९.३ टक्क्यांना, मेटफॉर्मिनवर ४०.५ टक्क्यांना. दोन्ही एकत्र दिल्याने वेगळे काही हाती लागले नाही. मेटफॉर्मिनचा डोस होता २५० मिलिग्रॅम दोनदा! प्रीडायबेटिसला ग्लिप्टिन लिहून देणाऱ्या सभासदांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. उलट बाजूही झाकू नये: केरळात गावपातळीवर गटांमधून असाच कार्यक्रम राबवला तेव्हा दोन वर्षांत १७.१ आणि १४.९ टक्के, एवढाच फरक पडला, आणि तो संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. कोणाला निवडायचे आणि पाठपुरावा किती घट्ट ठेवायचा, यावर पैसा वसूल होणे न होणे ठरते.

आमची खरी भीती वेगळी आहे. उद्या एखाद्या अधिकाऱ्याने हा विषय मनावर घेतलाच, तर तो अमेरिकेचा नमुना उचलेल. तिथे मेडिकेअरने २०१८ पासून अशा कार्यक्रमाला पैसे द्यायला सुरुवात केली आणि मोबदला हजेरीशी व पाच टक्के वजन घटण्याशी जोडला. आपल्या ४८ किलोच्या बाईचे दोन किलो चारशे ग्रॅम कुठून उतरवायचे? चेन्नईत फायदा झाला तो वजनात म्हणण्यासारखी घट न होता. हाडकुळा पण चरबी बाळगणारा भारतीय देह डॉ. याज्ञिक पुण्यातून वर्षानुवर्षे दाखवत आले आहेत. इथे मूल्यमापन दोन तासांच्या शुगरवर आणि कंबरेवरच व्हायला हवे. एचबीए१सी पुढे करू नका. रक्तक्षय असलेल्या आपल्या बायाबापड्यांत त्याचा भरवसा धरता येत नाही.

आणि मजुरी. ओजीटीटी स्वस्त आहे, महाग आहे तो बाईचा बुडालेला रोज. उपाशीपोटी येऊन दोन तास बाकावर बसायचे म्हणजे तो दिवस गेलाच. क्षयरुग्णाच्या खात्यात निक्षय पोषणचे महिन्याला १,००० रुपये जातात. वर्षातून एका दिवसाचा बुडीत रोज पॅकेजमध्ये घालायला कोणते आभाळ कोसळणार आहे?

आता घरचे ऐका. आपल्यापैकी किती जणांच्या टेबलावर मोजपट्टी आहे? "बॉर्डरलाइन आहे, गोड कमी खा" हे केसपेपरवर खरडून आपण किती जणांची बोळवण केली? गरोदरपणात शुगर वाढलेल्या बाईला बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांनी ओजीटीटीला परत बोलावतो का? योजनेचा डेटा दावे मोजतो, भरती मोजतो. जो भरतीच झाला नाही त्याची नोंद आपल्याखेरीज कोणाकडे असणार? आणि आपल्याकडेही ती नाही. अशा अवस्थेत योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीपुढे जाऊन आम्ही काय वाजवायचे?

म्हणून वही घाला. फुलस्केप चालेल. वय, लिंग, व्यवसाय, कंबर, घराण्यातला मधुमेह, फास्टिंग, दोन तासांची, काय दिले, आणि वर्षाने पुन्हा त्याच दोन्ही शुगर. नावे नकोत, अनुक्रमांक पुरे. दर तिमाहीला पाने मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, तालुकावार गोषवारा आम्ही छापू आणि तोच घेऊन सोसायटीकडे जाऊ. शिरेतले रक्त घ्या, बोट टोचून काढलेले आकडे धरले जाणार नाहीत. नुसत्या फास्टिंगवर भरलेली पानेही परत येतील.