किल्ल्यांच्या जुडग्याला राखणदार कोण?

प्रोग्रॅमरने लिहिलेला कोड तपासणे, त्याची जुळणी करणे आणि तो मुख्य यंत्रणेवर चढविणे ही कामे आता बहुतांशी ‘जेनकिन्स’सारखे ऑटोमेशन सर्व्हर करतात. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये ‘हडसन’ नावाने जन्मलेल्या आणि ओरॅकलशी झालेल्या वादानंतर २०११ मध्ये नवे नाव घेतलेल्या या मुक्त सॉफ्टवेअरची ताकद त्याच्या १८०० हून अधिक प्लगइनमध्ये आहे. दुखणेही तेथेच आहे.

कोडचे भांडार, क्लाउड, डेटाबेस या साऱ्यांचे पासवर्ड या सर्व्हरला जवळ बाळगावे लागतात. प्लगइनचा फॉर्म भरताना त्यांच्या आयडींची यादी उघडते. शेजारी ‘जोडणी तपासा’ असे बटण असते. या प्रत्येक सोयीमागे सर्व्हरवरचा एक पत्ता असतो. फॉर्म फक्त प्रशासकालाच दिसतो, तेव्हा हा पत्ताही सुरक्षितच, असे गृहीत धरले जाते आणि परवानगी तपासणारी एखादी ओळ लिहायची राहून जाते. मग केवळ ‘ओव्हरऑल/रीड’ हा प्राथमिक हक्क असलेला कोणीही तो पत्ता थेट गाठून यादी मिळवू शकतो.

यादीत पासवर्ड नसतात, म्हणून अशा त्रुटींची गणना सहसा ‘मध्यम’ गटात होते. हे समाधान फसवे आहे. ‘जोडणी तपासा’च्या पत्त्यावरही पहारा नसेल, तर हल्लेखोर आपल्या सर्व्हरचा पत्ता आणि हाती आलेला आयडी पुढे करतो. जेनकिन्स मग खरा पासवर्ड आपणहून त्याच्या स्वाधीन करतो! जेनकिन्सच्या सुरक्षा पत्रकांत हीच चूक निरनिराळ्या प्लगइनच्या नावाने वर्षानुवर्षे येत राहिली आहे, काही वेळा ‘दुरुस्ती उपलब्ध नाही’ या शेऱ्यासह. प्लगइनचा कर्ता केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

हा केवळ संगणक अभियंत्यांचा प्रश्न नाही. ३१ जुलै २०२४ रोजी ‘एनपीसीआय’ने सी-एज टेक्नॉलॉजीजची जोडणी तात्पुरती तोडली आणि सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार खोळंबले. हल्लेखोर एका भागीदार कंपनीच्या ढिसाळ जेनकिन्स सर्व्हरमधून शिरले, असे ‘क्लाउडसेक’ या सुरक्षा कंपनीच्या अहवालात म्हटले होते. तेथील त्रुटी निराळी, फायली वाचू देणारी होती. तिची दुरुस्ती त्याच वर्षी जानेवारीत आली होती.

निनावी वाचनहक्क बंद करणे, बेवारस प्लगइन काढून टाकणे आणि पासवर्ड सर्व्हरभर खुले न ठेवता त्या-त्या प्रकल्पापुरते बांधून ठेवणे, यांपैकी कशालाही मोठा खर्च येत नाही. बँकांनी आपल्या पुरवठादारांकडून निदान एवढ्याची तरी लेखी हमी मागायला हवी.