अभय नको, अचूक बिल हवे

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूर स्थानकात पोहोचली. दहा वाघिणी आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरण आटले होते आणि शहराची तहान भागवण्यासाठी शेकडो किलोमीटरवरून पाणी आणावे लागत होते. ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. पण त्याच उन्हाळ्यात लातूर आणि नांदेडच्या शिवारांत आणखी एक गोष्ट घडत होती, तिची छायाचित्रे कोणी काढली नाहीत. विहिरींनी तळ गाठला होता, कूपनलिकांतून पाण्याऐवजी हवा येत होती, शेतकऱ्याने मोटार वर काढून ओसरीत ठेवली होती. आणि त्या बंद मोटारीचे वीजबिल मात्र नेमाने तयार होत होते.

हा केवळ दुष्काळाचा अपघात नव्हे. त्यामागे एक व्यवस्था आहे. राज्यातील कृषिपंपांपैकी लाखो पंप वर्षानुवर्षे मीटरविना चालले. त्यांची आकारणी अश्वशक्तीवर होते. पंप पाच अश्वशक्तीचा असेल तर पाच अश्वशक्तीचे पैसे. मग तो वर्षभर चालो की एकही दिवस न चालो. ज्यांना मीटर मिळाले, त्यांतील अनेकांचे मीटर बंद पडले, आणि रीडिंगच्या जागी सरासरी युनिट लिहिले जाऊ लागले. दुष्काळ जाहीर झाला की शासन कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट देते. ही सूट स्वागतार्ह आहे, पण तिच्यातील विसंगती ध्यानात घ्यावी. विहीर शंभर टक्के कोरडी आणि सूट तेहतीस टक्के! न वापरलेल्या विजेचे उरलेले दोन तृतीयांश कोणत्या हिशेबाने मागायचे, याचे उत्तर कोणी देत नाही.

विद्युत अधिनियम, २००३ हा कायदा १० जून २००३ पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ नुसार दोन वर्षांनंतर अचूक मीटरशिवाय वीजपुरवठा करू नये, असे बंधन आहे. मुदत वाढवण्याचा अधिकार तेवढा राज्य आयोगाला दिला आहे. म्हणजे जो अपवाद म्हणून होता, तोच येथे नियम होऊन बसला.

शेतातून गावात यावे तर तेथेही हीच कथा. मुखेड, कंधारच्या डोंगरपट्ट्यातून कुटुंबेच्या कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. औसा, निलंग्याची मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्यात स्थिरावतात. आईवडीलही मागाहून जातात. घराला कुलूप लागते. मीटर आत, रीडिंग घेणारा बाहेर. बिलावर ‘लॉक्ड’ असा शेरा पडतो आणि मागील वापराच्या सरासरीने आकारणी होते. नियम सांगतो की असे बिल तात्पुरते असते. पुढचे प्रत्यक्ष रीडिंग मिळाले की फरक वळता करून द्यावा लागतो. परंतु ते ‘पुढचे रीडिंग’ कधी येतच नाही. सरासरीवर सरासरी चढते, तिच्यावर विलंब आकार, त्यावर व्याज. पुढे पुरवठा तात्पुरता आणि मग कायमस्वरूपी खंडित होतो. वीज थांबते, आकडा मात्र कागदावर जिवंत राहतो. वडील गेल्यावर घर नावावर करताना मुलाला कळते की वारशात घरासोबत थकबाकीही आली आहे.

सरासरी बिल म्हणजे काय, हे २०२० मध्ये साऱ्या महाराष्ट्राने अनुभवले. त्या वर्षी टाळेबंदीत मार्चच्या अखेरीपासून मीटर वाचन थांबले. दुकाने बंद असूनही सरासरीची बिले निघाली. जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग आल्यावर घरगुती ग्राहकांची एकत्रित बिले पाहून शहरांतही असंतोष उसळला. शहरी मध्यमवर्गाने जे तीन महिने सोसले, ते मराठवाड्यातील खेड्याने कित्येक वर्षे सोसले आहे.

यावर शासनाचे उत्तर ठरलेले आहे: अभय योजना. लातूरचे सुपुत्र आणि माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या नावाने १ मार्च २०२२ पासून अशी योजना आली. कायमस्वरूपी पुरवठा खंडित झालेल्या अकृषक ग्राहकांनी मूळ थकबाकी भरल्यास व्याज आणि विलंब आकार माफ, एकरकमी भरल्यास लघुदाब ग्राहकाला मूळ रकमेतही दहा टक्के सवलत. १ सप्टेंबर २०२४ पासून याच धर्तीची दुसरी योजना निघाली. कृषिपंपांसाठी डिसेंबर २०२० च्या धोरणात व्याजाची सवलत आणि पहिल्या वर्षात भरणाऱ्यास उरलेल्या थकबाकीत निम्मी सूट होती. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे चालू बिल शासनाने आपल्याकडे घेतले. पण मागची थकबाकी त्या निर्णयाने पुसली गेली नाही.

या योजनांनी अनेकांना दिलासा दिला, हे मान्य केले पाहिजे. तरीही मूळ प्रश्न त्यांनी सोडवला नाही. कारण अभय योजना ‘मूळ थकबाकी’ बरोबर आहे, असे गृहीत धरून सुरू होते. वाद तर त्या मूळ रकमेचाच आहे. शिवाय अभय हे अपराध्याला दिले जाते. ज्याची विहीर आटली, ज्याच्या घराला कुलूप होते, त्याने अपराध कोणता केला? त्याला दया नको आहे, हिशेब हवा आहे. आणि जो दरमहा निमूटपणे बिल भरतो, त्याच्या मनात दर दोन-तीन वर्षांनी येणारी माफी कोणता संस्कार रुजवते, याचाही विचार व्हायला हवा.

न्याय मिळवण्याचा मार्ग कायद्यात आहे. २००३ च्या अधिनियमानेच ग्राहक तक्रार निवारण मंच निर्माण केले आणि त्यांच्यावर विद्युत लोकपाल नेमले. राज्यात त्यांची कार्यालये मुंबई आणि नागपूर येथे आहेत. प्रथम कंपनीच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास मंचाकडे जावे. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. मंचाचा निर्णय मान्य नसेल तर साठ दिवसांत लोकपालांकडे जाता येते. मीटर सदोष वाटला तर तो तपासून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

येथे एक गोष्ट कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. कलम ५६(२) नुसार दोन वर्षांपूर्वीची रक्कम वसूल करता येत नाही, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. जी रक्कम बिलात थकबाकी म्हणून सतत दाखवली जाते, तिला हे संरक्षण नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १२ मार्च २०१९ रोजी स्पष्ट केले की पहिल्या मागणीच्या आधीच्या दोन वर्षांपलीकडचा वापर कंपनीला आकारता येत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की चुकीने राहिलेली रक्कम कंपनी नंतरही मागू शकते, पण मुदतीनंतर त्यासाठी वीज तोडू शकत नाही. बंद घराची सरासरी बिले मात्र दरमहा निघतच असतात. म्हणून तेथे मौन महाग पडते. ‘वापरच नाही तर भरू कशाला’ असे म्हणून बिल कोनाड्यात टाकणारा ग्राहक स्वतःच्या हाताने आपली बाजू दुबळी करतो.

ग्राहकाचेही कर्तव्य आहेच. जोडणी चालू असेल तर शून्य वापरालाही स्थिर आकार लागतो. तार, खांब आणि रोहित्र त्याच्यासाठी सज्ज ठेवलेले असते, तेव्हा तो अन्यायकारक म्हणता येणार नाही. दीर्घकाळ घर बंद राहणार असेल तर पुरवठा खंडित करण्याचा लेखी अर्ज द्यावा, शेवटचे रीडिंग नोंदवून अंतिम बिल भरावे. मीटर दर्शनी भागात घ्यावा. आणि आकडा टाकून वीज घेणाऱ्याने अन्यायाची भाषा बोलू नये; त्याच्या चोरीचा भार शेजाऱ्यावरच पडतो.

कंपनीची जबाबदारी याहून मोठी आहे. दूरस्थ वाचनाचे मीटर आता बसवले जात आहेत. तेव्हा ‘कुलूप होते’ ही सबब यापुढे चालू नये. लातूर आणि नांदेड या दोन्ही परिमंडळांत दीर्घकाळ सरासरीवर चाललेल्या आणि शून्य वापराच्या जोडण्यांची गावनिहाय यादी करून प्रत्यक्ष पडताळणी व्हावी. ज्या पंपाची विहीर दुष्काळात कोरडी होती, त्याचा पंचनामा महसूल खात्याच्या दप्तरी असतो. तो पाहून मूळ रक्कम दुरुस्त करावी. वसुली मोहीम त्यानंतर.

१९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हा ग्राहकाला अर्थव्यवस्थेत स्थान असावे, ही कल्पनाच अनेकांना नवी होती. आज कायदे आहेत, मंच आहेत. उणीव आहे ती अर्ज लिहून देणाऱ्या हातांची. ज्या कार्यकर्त्याला बिलावरचे चालू आणि मागील रीडिंग वाचता येते, त्याने आठवड्यातील एक संध्याकाळ गावाच्या पारावर बसावे. शेजारच्या वृद्धाचे बिल उघडून पाहावे, कुलूपबंद घराच्या मालकाला पुण्यास दूरध्वनी करावा, तक्रारीची पोच जपून ठेवायला शिकवावे. हे काम लहान दिसते. पण न केलेल्या वापराचे कर्ज ज्याच्या डोक्यावरून उतरते, त्याला विचारावे ते केवढे असते!