खेळ घडविण्याची विद्या

शैक्षणिक कर्जाच्या अर्जात 'अभ्यासक्रमाचे नाव' असा एक रकाना असतो. त्या रकान्यात अभियांत्रिकी, वैद्यक, व्यवस्थापन असे शब्द वाचण्याची आम्हा बँक अधिकाऱ्यांच्या डोळ्यांना सवय झालेली आहे. मागील वर्षी वाराणसीच्या आमच्या शाखेत आलेल्या एका अर्जात मात्र 'संगणकशास्त्र आणि गेम डेव्हलपमेंट' असे लिहिलेले होते. अर्जदार मुलगी दुर्गाघाटावरील मराठी कुटुंबातली. तिचे वडील महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे धार्मिक विधी करतात. समोरच्या खुर्चीवर संकोचाने बसत ते म्हणाले, "साहेब, पोर हुशार आहे, गणितात गुण चांगले आहेत. पण खेळ शिकायला विद्यापीठात कशाला जायचं? आणि त्यासाठी कर्ज काढायचं? आमच्या गल्लीत लोक हसतील."

प्रांजळपणे सांगावयाचे तर मनातल्या मनात मीही हसलो होतो. "गुरुजी, कागद ठेवून जा, पाहतो," असे सांगून मी तो अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सरकविला. ते माझे चुकले. कोठे चुकले, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

काशीतील गणिताची मराठी परंपरा

पंचगंगा घाट आणि ब्रह्माघाट यांच्या मध्ये दुर्गाघाट आहे. पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षितांचे नाव या घाटाशी जोडलेले आहे. येथे ब्रह्मचारिणी देवीचे मंदिर आहे, नाना फडणविसांचा वाडा आहे, आणि अरुंद गल्ल्यांतून अजूनही मराठी बोलणे कानी पडते. याच घाटावरचा मुक्कीचा, म्हणजे मुष्टियुद्धाचा, खेळ एकेकाळी साऱ्या काशीत नावाजलेला होता. तेव्हा दुर्गाघाटाला खेळाचे वावडे आहे, असे कोणी म्हणू नये.

गणनेचे वावडे तर त्याहूनही नाही. गोदातीरावरील गोलग्रामच्या ज्योतिषी घराण्यातील कमलाकर याने 'सिद्धान्ततत्त्वविवेक' हा ग्रंथ १६५८ मध्ये काशीतच सिद्ध केला. पुढे नगर जिल्ह्यातून आलेले बापूदेवशास्त्री बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात १८४२ पासून गणित शिकवू लागले. त्यांनी केलेले सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातील बुद्धीने काशीत येऊन आकडेमोड करावी, हा क्रम आजही खंडित झालेला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातील आयआयटीमध्ये 'परम शिवाय' हा महासंगणक कार्यान्वित झाला. तो उभारला पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने. राष्ट्रीय महासंगणन अभियानातील तो पहिला महासंगणक होय.

आपल्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता, असा याचा अर्थ मुळीच नाही. तसे दावे करणे म्हणजे पूर्वजांच्या खऱ्या कामाचा अवमान करणे होय. मात्र नियमबद्ध विचाराचे संस्कार काही घरांत सहज होतात, हे खरे. घनपाठाचेच उदाहरण घ्यावे. पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले आणि पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे, अशा क्रमाने पदे म्हणत जायचे. या पुनरावृत्तीमुळे एखादे पद गळाले किंवा बदलले तर चूक तत्काळ ध्यानात येते. ठरलेल्या पायऱ्यांनी पुढे जाणे आणि चूक पकडण्याची सोय रचनेतच करून ठेवणे, ही दोन्ही तत्त्वे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकावी लागतात. वडिलांचा पाठ ऐकत वाढलेल्या मुलीला ती परकी वाटली नाहीत, तर त्यात नवल ते काय?

खेळणे वेगळे, घडविणे वेगळे

चार दिवसांनी ती मुलगी एकटीच शाखेत आली. अर्जाचे काय झाले, असे तिने विचारले नाही. "सर, पाच मिनिटं वेळ आहे का? एक दाखवायचंय," एवढेच म्हणाली. तिने जुना लॅपटॉप उघडला. पडद्यावर घाटाच्या पायऱ्या होत्या. पावसाळ्यात गंगेचे पाणी चढू लागते आणि एकेक पायरी दिसेनाशी होते, हे दृश्य काशीतील प्रत्येकाने पाहिलेले आहे. तिच्या खेळात पाणी चढत असताना खेळणाऱ्याने नावा सोडवून वरच्या कड्यांना बांधायच्या आणि घाटावरचे सामान वर न्यायचे. एक नाव मध्येच पायरीच्या आरपार जात होती. ती ओशाळून म्हणाली, "ही चूक अजून सापडत नाहीये. नाव पायरीला लागली हे मोजायला मी उशीर करते आहे बहुतेक. त्याचंच गणित मला नीट शिकायचंय."

त्या एका वाक्याने माझी समजूत बदलली. खेळ खेळणारा वेळ घालवितो. खेळ घडविणाऱ्याला तो वेळ मोजावा लागतो. पडद्यावरील हालचाल सलग दिसावी म्हणून सेकंदाला साठ चित्रे दाखवावयाची, तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे सोळा मिलिसेकंद येतात. तेवढ्या अवधीत खेळणाऱ्याची कळ ओळखायची, प्रत्येक वस्तू कोठे आहे ते काढायचे, कोण कोणावर आदळले ते तपासायचे, उजेड-सावली ठरवायची आणि चित्र रंगवायचे. यासाठी सदिश व सारणी यांचे गणित लागते, यामिकी लागते, माहितीची रचना लागते. खेळातील पात्राने अडथळे चुकवून जवळची वाट कशी शोधावी, या प्रश्नासाठी आजही वापरली जाणारी 'ए स्टार' ही रीत १९६८ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी यंत्रमानवाच्या वाटचालीसाठी मांडली होती.

विद्यापीठ आणि खेळ यांचे नातेही नवे नाही. १९६२ मध्ये एमआयटीतील तरुणांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. स्कॉटलंडमधील डंडी येथील ॲबर्टे विद्यापीठाने १९९७ मध्येच संगणकीय खेळांची पदवी सुरू केली. आपल्याकडे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन व गेमिंग क्षेत्रासाठी कृतिदलाची घोषणा झाली आणि २०२५ मध्ये मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू झाली.

दुसरी बाजू

तथापि नाण्याची दुसरी बाजू न दाखविणे हे बँक अधिकाऱ्याच्या धर्मास सोडून होईल. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा भारतीय पुराणकथांवर बेतलेला खेळ तयार केला. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा प्रयत्न केला. तो फसला. संस्थापकांपैकी एकीने काम चालू राहावे म्हणून स्वतःची सदनिका विकली. अखेर २०२० मध्ये खेळ प्रसिद्ध झाला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट स्वतंत्र खेळाच्या नामांकनात त्याचा समावेश झाला. ही कथा स्फूर्तिदायक खरीच. परंतु वाणिज्य शाखेचा विद्यार्थी तिच्यातून आणखी एक धडा घेईल. या धंद्यात खर्च आज होतो आणि उत्पन्न, आलेच तर, काही वर्षांनी येते.

मोठ्या कंपन्यांतही स्थैर्याची हमी नाही. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या गेमिंग विभागातील १९०० जणांना कमी केले. आपल्या देशात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा संमत झाला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली आणि अशा खेळांचे पैसे फिरविण्यास बँकांनाही मनाई केली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळावयाच्या खेळांना मान्यता दिली, हेही लक्षात घ्यावे. जुगार आणि खेळ यांतील जी रेषा आपल्या आजी-आजोबांना स्वच्छ दिसत होती, ती कायद्याने पुन्हा आखली. 'गेमिंग' हा शब्द ऐकताच कपाळाला आठ्या घालणाऱ्या पालकांनी आणि अधिकाऱ्यांनीही आता हा भेद करावयास हवा.

म्हणून माझे मत असे : पाया संगणकशास्त्राचा असावा आणि खेळ ही त्या विद्येची उपयोजना असावी. ज्याला संगणकशास्त्र पक्के येते, त्याला खेळांचा बाजार मंदावला तरी रुग्णालयाची यंत्रणा, रेल्वेचे आरक्षण, वैमानिकांच्या प्रशिक्षणाची प्रणाली किंवा आमच्या बँकेचा व्यवहार, कोठेही काम मिळू शकते. ज्याने केवळ एखादे सॉफ्टवेअर चालविण्याचे प्रमाणपत्र घेतले, त्याचे शिक्षण ते सॉफ्टवेअर बदलले की जुने होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे तर हा धोका अधिकच वाढला आहे.

त्या मुलीच्या हाती दोन प्रवेश होते. एक परगावच्या खाजगी संस्थेचा. चकचकीत माहितीपुस्तिका, 'शंभर टक्के नोकरी'चे आश्वासन आणि चौदा लाख रुपये शुल्क. दुसरा विद्यापीठातील संगणकशास्त्राच्या चार वर्षांच्या पदवीचा. त्यात शेवटच्या दोन वर्षांत संगणकीय आरेखन व खेळनिर्मिती हे ऐच्छिक विषय होते आणि चार वर्षांचा खर्च सुमारे आठ लाख होता. तिचा ओढा पहिल्याकडे होता, कारण तेथे पहिल्या दिवसापासून खेळच शिकविणार होते. मी तिला तीन प्रश्न त्या संस्थेस लेखी विचारावयास सांगितले. पदवी कोणते विद्यापीठ देते? पहिल्या वर्षी गणिताचे तास किती? मागील तुकडीतील विद्यार्थी कोठे काम करतात? उत्तरादाखल आले ते केवळ शुल्क भरण्याची मुदत कळविणारे पत्र. तिने काय ते ओळखले.

कर्जाचे गणित

आठ लाखांचे कर्ज म्हणताच गुरुजींचा चेहरा उतरला. तेव्हा कागदावर हिशेब मांडला, तो वाचकांनाही उपयोगी पडेल. सोयीसाठी व्याजदर नऊ टक्के धरू. दरवर्षी दोन लाख याप्रमाणे चार वर्षे रक्कम दिली जाते. शिक्षणाची चार वर्षे आणि पुढील एक वर्ष मुद्दलाची परतफेड करावयाची नसते. या काळात सरळव्याजाने दोन लाख बावन्न हजार रुपये साचतात. ते मुद्दलात मिळविल्यास दहा वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे १३,३०० रुपये पडतो. याउलट व्याज दरमहा भरीत गेल्यास पहिल्या वर्षी महिना १५००, दुसऱ्या वर्षी ३०००, तिसऱ्या वर्षी ४५०० आणि पुढे ६००० रुपये भरावे लागतात, व नंतरचा हप्ता सुमारे १०,१०० रुपयांवर राहतो. साऱ्या कालावधीचा हिशेब केला तर सव्वा लाखाहून अधिक रुपये वाचतात. गुरुजी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पंधराशे होतील, साहेब. पुढचं गंगामाई बघेल."

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व हमीदाराविना कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, परतफेड सुरू होण्यापूर्वीच्या काळातील व्याजात तीन टक्के सवलतीची तरतूदही आहे. आपली संस्था त्या यादीत आहे किंवा नाही, हे प्रवेश घेण्यापूर्वीच पाहावे.

पालकांना माझी विनंती एवढीच की, मुलाने 'गेम' शब्द उच्चारताच रागावू नये आणि भुलूनही जाऊ नये. त्याने आजवर काय घडविले आहे, ते दाखवावयास सांगावे. जो नुसता खेळला असेल, तो गुणसंख्या दाखवील. ज्याने काही घडविले असेल, तो आपली चूक दाखवील. ती चूक दुरुस्त करण्याची ज्याला तळमळ आहे, त्याच्या शिक्षणावर खर्च करणे मला तरी जोखमीचे वाटत नाही.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना सांगावयाचे ते असे की, अभ्यासक्रमाच्या नावावरून अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सरकवू नये. दुर्गाघाटाचा अर्ज तेथे पाच दिवस पडून होता. प्रवेशाची मुदत सात दिवसांची होती. मंजुरीपत्र वेळेवर निघाले, यात माझे कौतुक काहीच नाही. ती मुलगी आपण होऊन आली नसती, तर ते निघालेही नसते.