वाचून दाखवणं वेगळं, कळणं वेगळं : आठवीच्या मुलांचं आकलन तपासतं कोण?

२०२५ च्या एप्रिल ते जून या काळात महाराष्ट्रात तिसऱ्या भाषेवरून रान पेटलं होतं. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, १७ जूनला त्याची सुधारित आवृत्ती आली, आणि २९ जूनला दोन्ही मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. या अडीच महिन्यांत वाहिन्यांवर, मोर्चांत, सोशल मीडियावर तिसऱ्या भाषेचं सगळं बोलून झालं. मराठी माध्यमात आठ वर्षं काढलेल्या मुलाला पहिल्या भाषेतलं पानभर वाचून त्यातलं काय कळतं, यावर मात्र फारशी चर्चा झाली नाही. मराठीच्या रक्षणासाठी रस्त्यावर उतरलेल्यांनीही ती केली नाही.

आम्ही वस्त्यांमध्ये मुलांच्या शिक्षणाचं काम करतो. विहाराच्या अभ्यासिकेत संध्याकाळी येणारी सातवी-आठवी-नववीची मुलं आमच्या रोजच्या संपर्कात आहेत. यातल्या बहुतेकांना वाचता येतं. पुस्तक हातात दिलं तर न अडखळता धडा म्हणून दाखवतात. पुस्तक मिटायला सांगून ‘यात काय झालं?’ असं विचारलं की शांतता पसरते. पुस्तक उघडंच ठेवलं तर मूल प्रश्नातला एखादा शब्द धड्यात शोधतं, तो ज्या ओळीत सापडेल ती ओळ जशीच्या तशी उतरवतं आणि आपल्याकडे बघतं. बरेचदा ते उत्तर बरोबरही ठरतं. गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंचांनी या मुलांना शिकवलेलं कौशल्य नेमकं हेच आहे. शब्द जुळवा, ओळ उतरवा, गुण घ्या.

देवनागरीमुळे ही गोष्ट आणखी झाकली जाते. आपली लिपी उच्चाराला इमानदार आहे. बाराखडी आणि जोडाक्षरं पक्की झाली की मूल समोर येईल तो मजकूर मोठ्यानं वाचू शकतं, अर्थ माहीत असो वा नसो. इंग्रजीत न समजलेल्या शब्दावर जीभ तरी अडते. आपल्या वाचकांना वेगळा पुरावा द्यायला नको. विहारात सहा-सात वर्षांची मुलं पाली गाथा किती सफाईनं वाचतात, पाठ म्हणतात, ते आपण दर रविवारी ऐकतो. त्यातल्या किती जणांना पाली कळते? तिथे आपण हे गृहीत धरतो आणि अर्थ वेगळा समजावून सांगतो. मराठीच्या बाबतीत मात्र वाचता आलं म्हणजे कळलंच, अशी शाळेची आणि पालकांची पक्की समजूत असते.

गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये ही गोष्ट एका साध्या गणितात बसवली होती. वाचनाचं आकलन म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे, हे महत्त्वाचं. दोन्हींपैकी एक शून्य असलं की उत्तर शून्य येतं.

आता आपल्याकडे तपासलं काय जातं ते पाहू. ‘असर’ची पाहणी सगळ्यात जास्त गाजते. त्यात स्वयंसेवक घरी येऊन मुलाला अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट मोठ्यानं वाचायला देतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या सुमारे ७१ टक्के मुलांना ही दुसरीची गोष्ट वाचता आली. उरलेल्यांची चिंता सगळ्यांनी केली आणि ती रास्तच आहे. आम्हाला मात्र त्या ७१ टक्क्यांबद्दलही विचारायचं आहे. गोष्ट वाचता येणं हा उंबरठा झाला. आत काय आहे, ते त्या चाचणीतून दिसत नाही, आणि तसा तिचा दावाही नाही.

आतलं थोडं दिसलं ते ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत. ती १४ ते १८ वयोगटाची होती. या वयाच्या जवळपास एक चतुर्थांश मुलामुलींना आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूर नीट वाचता आला नव्हता. ज्यांना निदान पहिलीच्या पातळीचं वाचता येत होतं, त्यांना ओआरएसच्या पुडीवरच्या सूचना वाचायला देऊन चार प्रश्न विचारले गेले. किमान तीन बरोबर सांगू शकले ते साधारण दोन तृतीयांश. म्हणजे वाचता येणाऱ्या दर तिघांतला एक जण जुलाब झालेल्या बाळाच्या पाकिटावरची सूचना वाचून नीट वापरू शकेल, याची खात्री देता येत नाही.

सरकारी बाजूला ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीसाठी ‘परख’ सर्वेक्षण झालं. भाषेत देशाची सरासरी सहावीला ५७ टक्के आणि नववीला ५४ टक्के आली. आपल्या राज्यात पायाभूत चाचणी आणि संकलित मूल्यमापनं होतात, गुण ऑनलाइन भरले जातात. पालकाच्या हाती आलाच तर एक आकडा येतो. मुलाला दिलेली माहिती सापडत नाही, की सापडते पण दोन माहिती जोडून निष्कर्ष काढता येत नाही, की लेखकाचं म्हणणं पटतं का हे सांगता येत नाही, यातलं काहीच त्या आकड्यातून कळत नाही. पंधरा वर्षांच्या मुलांची ‘पीसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी हे तिन्ही थर वेगळे मोजते. २००९ च्या फेरीत भारतातून तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले होते. दोन्ही तळाशी राहिले, आणि त्यानंतरच्या फेऱ्यांतून भारतानं अंग काढून घेतलं. थर्मामीटर फेकून ताप उतरवण्याचा हा सरकारी उपाय.

दहावीचं उदाहरण घ्या. मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका ८० गुणांची असते. त्यात न वाचलेल्या, म्हणजे अपठित गद्याला ४ गुण. बाकीचे उतारे पाठ्यपुस्तकातलेच, म्हणजे वर्षभर वर्गात घोटलेले. अशा परीक्षेत पंच्याऐंशी टक्के मिळवणारं मूल अकरावीत अनोळखी मजकुरासमोर गोंधळतं, यात नवल ते काय?

आम्ही अभ्यासिकेत एक साधी पद्धत वापरतो. पालिकेच्या भाषेत एक सूचना लिहायची : ‘जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे मंगळवारी सकाळी १० ते बुधवारी सकाळी १० या वेळेत पाणीपुरवठा बंद राहील. बुधवारी दिवसभर कमी दाबाने पाणी येईल. नागरिकांनी आवश्यक साठा करून ठेवावा.’ मुलांनी ती मनातल्या मनात वाचायची. मोठ्यानं वाचायला लावलं की सगळं लक्ष उच्चारावर जातं, म्हणून मूकवाचनच. मग विचारायचं, पाणी किती तास बंद आहे? हा आकडा सूचनेत कुठेच नाही, त्यामुळे ओळ उतरवून भागत नाही. घरात पाणी कधीपर्यंत भरून ठेवायला हवं? बुधवारी पाणी सुटल्यावरही कुणाच्या घरी ते पोहोचणार नाही? आणि शेवटी, ही सूचना लिहिणाऱ्यानं काय सांगायचं ठेवलं?

तिसऱ्या प्रश्नाला गाईडवाली मुलं थबकतात. ज्या मुलींच्या डोक्यावर रोज हंडा असतो त्या पटकन सांगतात की टेकाडावरची घरं, वरचा मजला, नळाच्या शेवटच्या टोकाची गल्ली. चौथ्या प्रश्नावर तर वर्ग पेटतो. टँकर येणार का, कोणत्या भागाचं पाणी बंद, तक्रार कुठे करायची, यातलं काहीच लिहिलेलं नाही, हे मुलं स्वतः शोधून काढतात. यातल्या काही मुलांना शाळेच्या मराठीच्या पेपरात जेमतेम पास होण्याइतके गुण असतात.

हे असं का होतं, याचं एक उत्तर १९८८ च्या एका अमेरिकी प्रयोगात आहे. रेश्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे आकलनाच्या चाचणीत मुलाचं वाचनकौशल्य मोजलं जातं, तसंच उताऱ्यातलं जग त्याच्या किती ओळखीचं आहे हेही मोजलं जातं. मग प्रश्न येतो, आपल्याकडच्या उताऱ्यांत कुणाचं जग असतं? मामाच्या वाड्यातली सुट्टी, अंगणातलं तुळशीवृंदावन, आजोबांच्या कपाटातली पुस्तकं. नाका कामगाराच्या, ऊसतोड कामगाराच्या किंवा सफाई कामगाराच्या मुलाला हा उतारा आधी कल्पनेनं उभा करावा लागतो, मग समजून घ्यावा लागतो. वर शाळेची प्रमाण मराठी एक आणि घरची वऱ्हाडी, मराठवाडी, झाडीबोली दुसरी. समाजशास्त्रात बोर्द्यूनं सांस्कृतिक भांडवल म्हटलं ते हेच. वारशात मिळालेल्या ओळखीला शाळा ‘हुशारी’ म्हणून गुण देते.

याचा अर्थ आपल्या मुलांना फक्त वस्तीचेच उतारे द्यावेत असा मुळीच नाही. तसं केलं तर आपणच त्यांना वस्तीत कोंडू. समुद्र, अंतराळ, संसद, शेअर बाजार, प्राचीन शिल्पं या सगळ्याबद्दल त्यांनी वाचायलाच हवं, कारण ओळख वाढते तसं आकलन वाढतं. पण मूल कच्चं आहे असा शिक्का मारण्याआधी ते वाचनात कच्चं आहे की उतारा परका आहे, हे वेगळं करून पाहिलं पाहिजे. त्यासाठी एक ओळखीचा आणि एक अनोळखी, असे किमान दोन उतारे हवेत. दोन्हींत अडलं तर अडचण वाचनाची. फक्त दुसऱ्यात अडलं तर त्या मुलाला उजळणी वर्गापेक्षा पुस्तकांची गरज जास्त आहे.

यंदाच्या आठवीचा मुद्दा तर तातडीचा आहे. २०२५-२६ मध्ये आठवीत असलेलं मूल जून २०२० मध्ये तिसरीत गेलं होतं. पहिली ते चौथीचे वर्ग ग्रामीण भागात उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे या मुलांची तिसरी पूर्ण आणि चौथी जवळपास निम्मी शाळेबाहेर गेली, आणि घरात स्मार्टफोन नव्हता त्यांची तर पुरतीच गेली. ‘निपुण भारत’ जुलै २०२१ मध्ये सुरू झालं, पण त्याचं उद्दिष्ट तिसरीपर्यंतच्या मुलांचं. ही तुकडी तेव्हा चौथीत होती.  आता राज्याच्या बदललेल्या नियमांनुसार आठवीला वार्षिक परीक्षा, मग पुनर्परीक्षा, आणि तिच्यातही नापास झालं तर पुन्हा आठवी.

शिवाय शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच आहे. मुलाच्या आकलनाचं सातत्यपूर्ण मूल्यमापन करा, हे कायद्याच्या कलम २९ मध्ये आहे. प्रत्येक मुलाची क्षमता तपासून गरज असेल तर जादा शिकवणं हे कलम २४ नुसार शिक्षकाचं कर्तव्य आहे. नववीत गेलं की या कलमांचा आधार सुटतो. याच आठवीत एनएमएमएस परीक्षा असते. साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना तिच्यातून नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळू शकतात. तिथे विज्ञानाचा किंवा बुद्धिमत्तेचा प्रश्नही आधी वाचून समजावा लागतो. नवोदयच्या प्रवेश परीक्षेत तर भाषेचे २० प्रश्न उताऱ्यांवरच असतात. आपली मुलं इथे गळतात तेव्हा ‘गणित कच्चं’ म्हणून आपण गणिताची शिकवणी लावतो. आमच्या पाहण्यात शाब्दिक उदाहरणात अडलेल्या कित्येक मुलांना तेच उदाहरण तोंडी सांगितलं की सोडवता येतं.

इंग्रजी माध्यमाबद्दलही स्पष्ट बोलू. इंग्रजी आपल्या मुलांना आलीच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण गल्लीतल्या कमी फीच्या शाळेत मूल इंग्रजी धडा घडाघडा म्हणतं, अर्थ मराठीतही सांगू शकत नाही आणि मराठी वाचायला शिकलेलंच नसतं, अशी घरं वाढत आहेत. त्या पालकांनी महिन्यातून एकदा मुलाला परिच्छेद वाचायला देऊन ‘यात काय आहे ते तुझ्या शब्दांत सांग’ एवढं विचारावं. आईला इंग्रजी येत नसली तरी मुलाला सांगता येतं की नाही, ते तिला कळतं.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांसाठी रांगा लावणारा आपला समाज आहे. घरोघरी बाबासाहेबांचे खंड आहेत. ते उघडून पुढच्या पिढीला एक युक्तिवाद सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरता येईल का, हे आठवी-नववीतच ठरत असतं.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि वंचित घटकांना प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावं लागतं. तुमच्या वस्तीतल्या शाळेच्या समितीवर आपलं कोण आहे, हे आधी शोधा. पुढच्या बैठकीत आठवीच्या मुलांची अपठित उताऱ्यावरची चाचणी कधी घेतली, उत्तरपत्रिका पालकांना दाखवल्या का, मागे पडलेल्यांसाठी कोणता तास ठेवला, हे विचारा. शिक्षकावर धावून जाऊ नका. मतदार याद्यांचं काम, ऑनलाइन नोंदी, दोन-दोन वर्ग एकाच्या गळ्यात, हे त्यांचं रडगाणं खोटं नाही. तास घ्यायला माणूस नसेल तर अभ्यासिकेतले पदवीचे विद्यार्थी आठवड्यातून दोन दिवस जाऊ शकतात, तसा ठराव करून घ्या. आणि ठरावाची प्रत त्याच दिवशी मागून घ्या, कारण पुढच्या बैठकीत इतिवृत्तात तो सापडेलच असं नाही.