हरवलेली जाळी आणि कोळणीची टोपली



‘पर्यावरणाचा प्रश्न वेगळा आणि बायकांचा प्रश्न वेगळा’ असं अजूनही सभांमधून ऐकू येतं. समुद्रात हरवलेल्या जाळ्यांविषयी इथे लिहायचं ते म्हणूनच.

पूर्वी जाळी सुताची, तागाची असत. पाण्यात राहिली की कुजत. मग नायलॉन आलं. ते कुजत नाही, हा त्याचा गुण. जाळं हरवलं की तोच दोष. वादळात सुटलेलं, खडकात अडकलेलं, ट्रॉलरने तोडलेलं जाळं कुणी धनी नसताना मासळी मारत राहतं. कासवं त्यात गुरफटतात. पुढे त्याचे बारीक तुकडे होतात, पण नाहीसं ते होत नाही.

मासळी घटली की झळ कुणाला? बोट आणि जाळी बहुधा पुरुषाच्या नावावर. अडकलेलं कासव किंवा देवमासा सोडवताना जाळं कापावं लागलं तर भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात २०१८ साली आली. योजना चांगलीच आहे. पण पैसे जाळ्याच्या मालकाला. टोपली रिकामी राहते ती कोळणीची, आणि घर तर तिलाच चालवायचं असतं. शिवाय डोलीत मासळीबरोबर आलेलं प्लास्टिक जवळा-बोंबील निवडताना तीच बाजूला काढते. हे तास कुणी मोजत नाही.

केरळात नींदकरा बंदरावर २०१७ पासून बोटींनी जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत समुद्रात न टाकता किनाऱ्यावर आणलं. ते धुण्या-निवडण्याचं काम मच्छीमार समाजातल्या बायकांना मजुरीवर मिळालं, आणि त्याचा चुरा रस्त्याच्या डांबरात गेला. निवडणं ही सेवा नव्हे, काम आहे, एवढं तिथे मान्य झालं.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ साली जाळ्यांवर मालकाची खूण असावी अशी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. खूण हवीच. पण ट्रॉलरने तोडलेल्या जाळ्याचा दंड लहान मच्छीमाराच्या माथी बसणार असेल, तर तो दंड शेवटी घरातल्या बाईच्याच पदरातून जाईल. म्हणून आधी बंदरावर जुनी जाळी जमा करायला जागा हवी, आणणाऱ्याला मोबदला हवा, निवडणारीला मजुरी हवी. खर्चाचा वाटा जाळी बनवणाऱ्या कंपन्यांनी उचलावा. आणि हे ठरवणाऱ्या सोसायटीच्या बैठकीत कोळणी सभासद म्हणून बसलेल्या असाव्यात.

तुमच्या बंदरावर फाटक्या जाळ्यांचं काय होतं, ती कोण उचलतं, त्याचे पैसे कुणाला मिळतात? जरूर कळवा.